पाचवीचं दप्तर कुणी भरायचं?

चौथीपर्यंत मुलाच्या अभ्यासाचा हिशेब बाईंच्या डोक्यात असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठापासून सुटीच्या घंटेपर्यंत बहुधा त्याच भाषा शिकवतात, त्याच गणित, त्याच परिसर अभ्यास आणि कार्यानुभवातली कागदाची होडीही त्याच. आज भागाकारात वर्ग अडकला, तर शुद्धलेखन उद्यावर जातं. कुणाच्या घरी लग्न आहे, कोण तापातून उठून आलंय, हे त्यांना ठाऊक असतं आणि गृहपाठ त्या अंदाजानेच दिला जातो. मुलाने घरी जाऊन वही उघडायची, एवढंच त्याचं काम.

जूनमध्ये पाचवी सुरू होते आणि या हिशेबाला कुणी वाली उरत नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिकमध्ये धरली आहे आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. आपल्याकडे मात्र जुन्या रचनेमुळे असंख्य मुलांची शाळा चौथीनंतरच बदलते. गावातली शाळा संपते आणि पलीकडच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात नाव घातलं जातं. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास पाचवीपासून मिळतो, यावरून गाव सोडण्याचं वय सरकारलाही माहीत आहे असं दिसतं. नव्या शाळेत घंटा झाली की सर बदलतात. मराठी माध्यमात हिंदी इथेच सुरू होते. पुढल्या वर्षी परिसर अभ्यासाचे विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असे तुकडे होतात. एका बाईंना समास लाल हवा, दुसऱ्या सरांना शाईचं पेन चालत नाही, तिसऱ्यांना वर्गपाठाची आणि गृहपाठाची वही वेगळी हवी. भूगोलाच्या सरांना गणिताच्या बाईंनी आज किती उदाहरणं दिली आहेत याचा पत्ता नसतो, मग शिक्षकखोलीत दोघांच्या खुर्च्या शेजारी का असेनात.

त्यात आपण या एका इयत्तेवर ओझीही निवडून टाकली. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 मध्ये पाचवीत सरकवली गेली. पुढे वार्षिक परीक्षेत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आली, तीही पाचवी आणि आठवीसाठी. प्रत्येक निर्णयामागे काही ना काही कारण असेल, पण पाचवीचं वर्ष एकूण कसं जातं हे कुणी एकत्र मांडून पाहिल्याचं दिसत नाही. शाळा बदलते, शिक्षक अनेक होतात, नवी भाषा येते आणि परीक्षेला पहिल्यांदा धार येते, सगळं एकाच वर्षात आणि दहा वर्षांच्या मुलाला.

मग पहिल्या घटक चाचणीनंतर पालक सभेत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. हुशार आहे पण आळशी आहे. लक्ष नाही. वह्या अपूर्ण आहेत. घरून मोबाइलला दोष दिला जातो, शाळेकडून घराला. मला हे निदानच चुकलेलं वाटतं. या मुलांची मेहनत कमी पडत नसते, त्यांना सांभाळायला जे दिलेलं असतं ते कुणी शिकवलेलंच नसतं. घंटेच्या गोंधळात सांगितलेला गृहपाठ ऐकायचा, तो उतरवून घ्यायचा, नेमकं पुस्तक घरी न्यायचं, किती वेळ लागेल याचा अंदाज घ्यायचा, खेळ सोडून बसायचं, झालेली वही परत दप्तरात टाकायची आणि उद्या योग्य तासाला काढून द्यायची. या साखळीत प्रत्यक्ष अभ्यास ही एकच कडी आहे. बाकीच्या कड्यांना वर्गात तास नाही, पुस्तकात धडा नाही. शेरा मात्र त्यांच्यावरूनच मिळतो. पुढचं ठरवणं आणि लक्षात ठेवणं हे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटते. चाळिशीतली माणसंसुद्धा वीजबिलाची तारीख विसरतात, तिथे या पोराकडून सात विषयांची अपेक्षा.

घरातली मोठी माणसं यावर दोन टोकांचे उपाय करतात. एक म्हणजे ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’ म्हणून हात काढून घेणं. दुसरा उपाय शहरांत जास्त दिसतो: सगळंच ताब्यात घेणं. त्याचं साधन म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. दुपारी तीनला आईच्या फोनवर मेसेज येतो, पान अमुक, प्रश्न तमुक, उद्या चिकटवही. कुणाच्या मुलाने लिहून आणलं नसेल तर दुसरी आई फळ्याचा किंवा वहीचा फोटो टाकते, तिसरी अंगठा दाखवते. साडेपाचला मूल घरी येतं, तेव्हा त्याचा गृहपाठ त्याच्या आधीच घरी पोहोचलेला असतो.

या सोयीने काय हिरावलं, ते लवकर लक्षात येत नाही. गृहपाठ ऐकून लिहून घेण्याची गरज संपली, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत कान टवकारण्याचीही गरज संपली. विसरण्याची मुभा गेली आणि तिच्यासोबत आठवण्याची सवयही. शिक्षकांचाही संवाद सरकला. पूर्वी ते मुलाला सांगत, आता मुलाच्या डोक्यावरून आईला सांगतात. ग्रुप बंद करा, असं मी म्हणणार नाही. सुटी, पाऊस, बस उशिरा येणं यासाठी तो उपयोगी आहे. पण रोजचा गृहपाठ त्यावर टाकणं शाळांनी पाचवीपासून थांबवायला हवं. कुणी आजारी असेल, तर त्याने मित्राला फोन करावा. ‘काय दिलंय रे?’ हा फोन करणं हेदेखील शिक्षणच आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरची संशोधनं एकत्र करून तपासली. त्यांचं 2006 साली प्रसिद्ध झालेलं विश्लेषण असं सांगतं की सातवीपासून पुढे गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, त्याखालच्या वर्गांत तो फार क्षीण असतो. लहान वर्गांत गृहपाठ द्यायचा असेल तर तो थोडा असावा आणि अभ्यासाची सवय लागण्यासाठी असावा, असा कूपर यांचा कल आहे. हे मान्य केलं तर एक अवघड निष्कर्ष निघतो. आईने आखून दिलेला, बाबांनी गोळा करून दिलेला आणि मुलाने फक्त लिहिलेला गृहपाठ कितीही सुंदर झाला तरी हाती काही लागत नाही, कारण मिळणार होती ती सवयच दुसऱ्या कुणीतरी वापरली. स्टेशनरीच्या दुकानात थोर नेत्यांच्या, पाळीव प्राण्यांच्या, वाहतुकीच्या साधनांच्या चित्रांचे तयार तक्ते मिळतात आणि प्रकल्पाच्या आदल्या संध्याकाळी तिथे मुलं कमी आणि पालक जास्त दिसतात.

गृहपाठात काही दम असावा, हाही प्रश्न आहेच. गाईडमधली प्रश्नोत्तरं वहीत उतरवणं हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गृहपाठ. वही पूर्ण असली की तपासणीला चालते. असं काम एखादं मूल वारंवार ‘विसरत’ असेल, तर त्याच्या विसरण्यात थोडी समज असावी अशी शंका मला येते. 1993च्या यशपाल समितीने मुलांच्या ओझ्याबद्दल लिहिलं, तेव्हाही दप्तराच्या वजनापेक्षा न समजता वाहिलेल्या माहितीचं ओझं तिला जास्त वाटलं होतं. आपण मात्र तेव्हापासून बहुतेक वेळ वजनकाट्याजवळच उभे आहोत.

2020च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात गृहपाठाची मर्यादा दिली आहे. दुसरीपर्यंत काही नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी रोज फार तर एक तास. वाचायला छान आहे. पण सहा शिक्षकांत हा एक तास वाटला तर प्रत्येकाला दहा मिनिटं येतात, आणि आपण दिलेलं काम दहा मिनिटांचं आहे असं मानणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे. प्रत्येकाचं म्हणणं, मी थोडंसंच देतो. ते खरंही असतं. बेरीज कुणी करत नाही, ती थेट मुलाच्या संध्याकाळी होते.

ही बेरीज शाळेत करता येते, आणि त्याला खडूपलीकडे खर्च नाही. फळ्याची उजवी पट्टी आखून ठेवायची. प्रत्येक शिक्षकाने तास संपताना आपला गृहपाठ तिथे लिहायचा, सोबत मिनिटंही, आणि ती पट्टी दिवसभर कुणी पुसायची नाही. पाचव्या तासाचे सर आले की त्यांना आधीच्यांचा आकडा समोर दिसेल. पंचेचाळीस मिनिटं भरली असतील, तर ते आपलं काम उद्यावर ढकलतील किंवा निदान ओशाळतील. शाळा सुटताना मुलांनी ती पट्टी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची आणि लागणारी पुस्तकं तिथल्या तिथे दप्तरात भरायची. पहिला महिनाभर शेवटच्या तासाच्या शिक्षकांनी यासाठी पाच मिनिटं सोडली, तरी पुढची कितीतरी भांडणं वाचतील.

घरी काय करायचं? जबाबदारी एकदम सोपवायची नाही, एकेक कडी सोपवायची. जून-जुलैत फक्त उतरवून आणणं मुलाचं आणि बाकीचं बरोबर बसून. मग क्रम ठरवणं त्याचं. ‘आधी काय घेतोस?’ एवढंच विचारायचं आणि त्याने चित्रकला आधी घेतली तरी ओठ मिटून बसायचं. त्यानंतर वेळेचा अंदाज. निबंधाला वीस मिनिटं लागतील असं तो लिहितो, प्रत्यक्षात पन्नास लागतात. चार-पाच वेळा असं झालं की त्याचा अंदाज आपोआप सुधारतो, आपलं व्याख्यान लागत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर आपण बाजूच्या खोलीत असलो तरी चालावं.

आणि वही घरी राहिली तर? डब्याच्या सुटीत ती शाळेत पोहोचवायला धावणारे पालक मी पाहतो. माझ्या मते जाऊ नये. पण हे म्हणण्याचा अधिकार तेव्हाच, जेव्हा शाळेत त्या चुकीची किंमत परवडणारी असेल. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केले आहेत, तरी वर्गासमोर नाव पुकारून उभं करणं अनेक ठिकाणी चालूच आहे. त्या भीतीने मूल जबाबदार होत नाही. ते ऑफ तासाला मित्राची वही उतरवायला शिकतं. ‘उद्या आण, आणि उद्या आणायची आठवण कशी ठेवशील ते मला सांग’, असं म्हणणारे सर असतील तर वही घरी राहणंही कारणी लागतं.

ज्या घरात आईबाप शिकलेले नाहीत, तिथे काय, असा प्रश्न इथे नेहमी येतो. मला तर वाटतं, या एका बाबतीत त्या आईची बाजू थोडी उजवी आहे. तिला गृहपाठ करून देता येत नाही, म्हणून तो मुलाकडेच राहतो. ‘आज काय दिलंय, मला वाचून दाखव’ एवढं ती विचारू शकते, आणि त्या वयाला पुरेशी देखरेख तीच आहे. तिच्याकडे नसतं ते वेगळंच: दिव्याखालचा निवांत तास. एका खोलीत धाकटी भावंडं, टीव्ही, पाण्याची वेळ, आणि मोठी बहीण असेल तर तिच्या वाट्याला भांडी. हे घर कितीही समजूतदार असलं तरी तो तास त्याला काढता येत नाही, शाळेला येतो. पाचवीच्या वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका छापलेली असते आणि गणिताचा मागे पडलेला पोर्शन ती बहुधा खाऊन टाकतो. आठवड्यातून दोनदा ती दिवसाच्या शेवटी ठेवून मुलांना गृहपाठासाठी मोकळी सोडता येईल. एसटीची वाट पाहण्यात जाणारा अर्धा तासही त्यात जोडता येईल, मुख्याध्यापकांनी वर्गाला कुलूप लावायची वेळ तेवढी पुढे ढकलली तर.