महाराजांपैकी का?

वचन : योहान १४:२२

उज्जैनला देवास गेटावर बसमधून उतरलेल्या आपल्या शिंद्याने किंवा पवाराने नाव सांगितले की प्रश्न ठरलेला, "महाराजांपैकी का?" राणोजी शिंद्यांची राजधानी इथेच होती, ती १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरला नेली. पवारांच्या तर देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन गाद्या. बिचारा हसून मान हलवतो. काही जण हलवीतही नाहीत!

लोकमान्य आणि रेव्ह. नारायण वामन, दोघेही रत्नागिरीकडचे टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही नारायणरावांनी आडनाव टाकले नाही. आज मंडळीत टिळक म्हटले की त्यांचे अभंगच आधी ओठांवर येतात.

पण नाव बदनाम माणसाचे असले तर? बारा शिष्यांत यहूदा दोन होते. दुसऱ्याविषयी लिहिताना, हा इस्कर्योत नव्हे, असा खुलासा योहानाला करावा लागला. केवढे हे ओझे, आणि तेही दुसऱ्याच्या पापाचे! तरी त्या यहूदाने प्रभूला प्रश्न विचारला. माझ्यावर प्रीती करणाऱ्याकडे मी पित्यासह वस्तीला येईन, हे उत्तर प्रभूने त्यालाच दिले.