लोपामुद्रेची अट

अकोले गावात अगस्ती ऋषींचं नाव टाळून चार पावलंही चालता येत नाही. प्रवरेकाठी ऋषींचा आश्रम, महाशिवरात्रीला तिथे भरणारी यात्रा, तालुक्याचा अगस्ती सहकारी साखर कारखाना, शिवाय अगस्ती महाविद्यालय. त्या मानाने त्यांच्या पत्नीची, लोपामुद्रेची आठवण कमीच निघते. आणि गोष्ट तर तिची अशी आहे, की ती स्त्रियांच्या शरीरसौष्ठव स्पर्धांच्या परीक्षकांना सक्तीने वाचायला लावावी.

महाभारताच्या वनपर्वात ती येते. पितर खड्ड्यात उलटे लोंबकळताना दिसतात, वंश चालव म्हणतात. अगस्तींना लग्न करणं भाग पडतं, पण आपल्या जोगी स्त्री कुठे दिसेना. मग ते वेगवेगळ्या प्राण्यांचं जे जे अंग उत्तम, ते ते निवडतात, त्यांतून एक स्त्री घडवतात आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाला ती मुलगी म्हणून देतात. ती मोठी होते आणि ऋषी तिला मागणी घालायला येतात. म्हणजे निवड त्यांची, घडण त्यांची, पसंतीही त्यांचीच.

एकेक अवयव निवडून जुळवलेली ही स्त्री आजही मंचावर दिसते. फरक इतकाच, की आता ती स्वतःला स्वतः घडवते आणि निवडणारे समोर टेबल मांडून बसतात. ‘फिगर’ हा स्त्रियांच्या शरीरसौष्ठवातला एक गट. स्पर्धक खड्यांनी मढवलेला दोन तुकड्यांचा पोशाख आणि उंच टाचांच्या चपला घालून येते. अंगावर गडद टॅनचा थर असतो, कारण प्रखर दिव्यांखाली फिकट कातडीवरचे उंचसखल भाग पुसट होतात. सगळ्याजणी ओळीत उभ्या राहतात. ‘क्वार्टर टर्न’ अशी आज्ञा झाली की उजवीकडे पाव वळसा. चार वळशांत समोर, बाजू, पाठ, दुसरी बाजू. खांदे गोल हवेत, पाठ वर रुंद आणि खाली निमुळती, कंबर बारीक, मांड्या भरीव. दंड मात्र फुगवून दाखवायचे नाहीत. स्नायूंतले धागे उठून दिसले तर तेही बाधतं. परीक्षक प्रत्येकीला क्रमांक देतात, टोकाचे क्रमांक वगळले जातात, उरलेल्यांची बेरीज होते आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती पहिली. चेहरा हसरा हवा, हे कोणी वेगळं सांगत नाही. ते ठरलेलंच असतं.

शेजारच्या ‘विमेन्स फिजिक’ गटात अनवाणी यायचं असतं आणि दंडाची बेटकुळी काढायलाही हरकत नाही. पण मूठ वळायची नाही, पंजा उघडा ठेवायचा. पुरुष तीच पोझ मूठ आवळून देतो. वळलेली मूठ पुरुषी आणि उघडा पंजा बायकी, हे कुठल्या शरीरशास्त्रात लिहिलंय?

पुरुषांच्या स्पर्धेतही नटवणं होतंच. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडोने भरवलेल्या प्रसिद्ध स्पर्धेत गडी बिबट्याची कातडी नेसून उभे होते. परीक्षक म्हणून सँडोच्या जोडीला चार्ल्स लॉज हा शिल्पकार आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल. पण पुढच्या शंभर वर्षांत पुरुषांना ‘आता पुरे, एवढे मोठे होऊ नका’ असं सहसा कोणी बजावलं नाही.

बायकांना बजावलं गेलं, आणि पुन्हा पुन्हा. स्त्रियांच्या शरीरसौष्ठवाची पहिली मिस ऑलिंपिया स्पर्धा १९८० साली झाली; रेचल मॅक्लिश जिंकली. १९८३ साली लास व्हेगासच्या एका स्पर्धेत ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस उतरली. ती मूळची पॉवरलिफ्टर, तिच्या स्नायूंपुढे बाकीच्या किरकोळ वाटाव्यात अशी. तिला आठवा क्रमांक मिळाला आणि पहिली आली कार्ला डनलॅप. या स्पर्धेवरचा ‘पम्पिंग आयर्न २’ हा चित्रपट १९८५ साली आला. स्पर्धेआधी परीक्षकांची बैठक बसते आणि बाईपण कशाला म्हणायचं यावर वाद झडतो, हा त्यातला पाहण्यासारखा भाग. स्नायूंची स्पर्धा म्हणायची आणि स्नायूंना मर्यादा घालायची, हे कसं, असा रोकडा प्रश्न तिथे एक परीक्षकच विचारतो. त्याचं समाधान होईल असं उत्तर त्याला मिळत नाही.

१९९१च्या मिस ऑलिंपियात बेव्ह फ्रान्सिस फक्त एका गुणाने लेन्डा मरेच्या मागे राहिली. लगेच पुढच्या वर्षी, स्पर्धक फार दणकट होऊ नयेत अशा सूचना आल्या. २००३ साली फिगरची वेगळी ऑलिंपिया सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये तर आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय संघटनेने पत्रकच काढलं: बॉडीबिल्डिंग, फिटनेस आणि फिगर या गटांतल्या स्त्रियांनी आपला पीळदारपणा वीस टक्क्यांनी कमी करावा.

वीस टक्के कशाचे? वजनाचे म्हणावं तर वजनकाटा आहे. दंडाच्या घेराचे म्हणावं तर टेप आहे. पत्रकाला यांतलं काहीच अभिप्रेत नव्हतं. जे मोजता येत नाही त्याला आकडा चिकटवला, की मत नियमासारखं दिसायला लागतं. इथे शरीरसौष्ठवाचा प्रश्न संपतो आणि जुना, तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो: रूप पाहिल्या जाणाऱ्या देहात असतं, की पाहणाऱ्याच्या मनातल्या साच्यात?

आपल्याकडे साचे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिल्पशास्त्राने देवांच्या मूर्तींना तालमान बांधून दिलं. एक ताल म्हणजे बारा अंगुळं, नवताल मूर्ती म्हणजे एकशे आठ अंगुळं. कपाळ किती, गळा किती, सगळं ठरलेलं. अकोले तालुक्यातच रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापुढे उभं राहिलं, की मापात काम करणाऱ्या कारागिराचा हात किती मोकळा असू शकतो हे कळतं. पण ते माप दगडासाठी होतं. मूर्ती बेढब झाली तर दोष शिल्पकाराचा. मूर्तीला कोणी ‘तू जास्त झालीस’ असं म्हणत नसे. फिगरच्या मंचावर शिल्पकार आणि मूर्ती एकच व्यक्ती असते. पहाटे उठून वजनं मारणारी तीच, उकडलेली अंडी आणि पाण्यातलं चिकन महिनोन्‌महिने खाणारी तीच, स्पर्धेच्या तोंडावर पाणी तोडणारी तीच. तिला क्रमांक देताना नेमका कोणाला दिला जातो?

गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटलंय आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरीत तर या अध्यायाचा विस्तार मोठा आहे. या भाषेत बोलायचं तर परीक्षक क्षेत्र तपासतात आणि निकाल क्षेत्रज्ञावर लावतात. सांख्य तत्त्वज्ञांनी याहून धीट कल्पना केली होती. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती ही नर्तकी आहे. रंगमंचावर पुरुषाला आपलं रूप दाखवते आणि दाखवून झालं की निवृत्त होते. पुरुष फक्त पाहतो. तो साक्षी आहे, त्याला सूचना करायचा अधिकार नाही, आणि नर्तकी वीस टक्के कमी नाचावी अशी अपेक्षा तर नाहीच नाही. अर्थात प्रेक्षकाच्या जागी पुरुष आणि मंचावर प्रकृती, ही मांडणी सांख्यांनाही सहज सुचली, हेही विसरू नये.

महाराष्ट्रात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. इथे बलोपासना मारुतीच्या साक्षीने झाली आणि तालमीच्या लाल मातीत बाईने पाऊल टाकू नये, असा दंडक बहुतेक ठिकाणी होता. ती माती ओलांडायला जिमची रबरी फरशी यावी लागली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नोकरी करणाऱ्या दीपिका चौधरी भारतातल्या पहिल्या आयएफबीबी फिगर प्रो झाल्या. मुंबईच्या श्वेता राठोड इंजिनिअर. त्या फिजिक गटात देशासाठी उतरल्या. ब्रह्मचारी देवाच्या आखाड्यात ज्यांना जागा नव्हती त्यांना मंचावर जागा मिळाली, पण कुठे टाचांसकट, कुठे उघड्या पंजासकट.

यावर एक सरळ हरकत येते, आणि ती वजनदार आहे. टाचा, खडे, मेकअप हे कित्येक स्पर्धकांना मनापासून आवडतं. लुगडं नेसून दंड दाखवणाऱ्यांचे फोटोही मोबाइलवर फिरतात आणि त्यांतला आनंद खोटा वाटत नाही. नटणं म्हणजे गुलामी, असं म्हणणारा तपस्वी आणि नटलीच पाहिजेस म्हणणारा परीक्षक, दोघेही बाईला विचारत नाहीत.

लोपामुद्रेला दोघेही एकाच नवऱ्यात भेटले. लग्न होताच अगस्तींनी तिला उंची वस्त्रं, दागिने उतरवायला सांगितलं. तिने वल्कलं नेसली, तपाला बसली. पुढे तिच्या तपाने उजळलेलं रूप पाहून त्यांनी तिला जवळ बोलावलं, तेव्हा तिने अट घातली: वडिलांच्या घरी होती तशी शय्या हवी, अंगावर दागिने हवेत, आणि तुम्हीही माळा घालून, दागिने लेवून या. अटीचा हा दुसरा भाग सहसा सांगायचा राहतो. नटण्याला तिची ना नव्हती. एकाने नटायचं आणि दुसऱ्याने जटा वाढवून नुसतं पाहायचं, हे तिला मान्य नव्हतं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९व्या सूक्तात तीच लोपामुद्रा आणखी स्पष्ट बोलते. कित्येक वर्षं आपण राबलो, म्हातारपण देहाची शोभा खातं, असं ती नवऱ्याला सुनावते. तिथे ती कोणी जुळवलेली बाहुली नाही. परंपरेने तिला ऋषिकाच मानलं आहे.

दागिने मागितले खरे, पण आणणार कोण? कथा सांगते की अगस्ती राजांकडे याचना करत फिरले. एकामागून एक तीन राजांनी जमाखर्च पुढे ठेवला. प्रत्येकाची जमा तेवढाच खर्च, घ्यावं तर प्रजेला झळ बसणार, म्हणून ऋषींनी काही घेतलं नाही. शेवटी इल्वल नावाच्या असुराकडून धन आलं. इकडे खड्यांचा पोशाख, टाचा, टॅन, केशरचना, पोझिंग शिकवणारा प्रशिक्षक, खुराक, प्रवास हा सगळा खर्च बहुतेक स्पर्धक स्वतःच्या पगारातून भागवतात. आणि तो पोशाख कसा असावा हे नेमून देणारे स्पर्धेची प्रवेश फी वेगळी घेतात.