दोराखालच्या चिंध्या

शास्त्रपाठ : यिर्मया 38:7-13; यशया 56:3-5



आबिड्सला रविवारी रस्त्याच्या कडेने जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. गेल्या जानेवारीत उपासना आटोपून आम्ही तेथून जात असता मंडळीतील एक काका भेटले. दिवस थंडीचे, तरी सदरा घामाने भिजलेला. आम्हांला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "ते तीन महिन्यांचे इंजेक्शन आता पुरे. पुरुष म्हणून आम्ही काही उरलो नाही. घरीसुद्धा लाज वाटते."

काकांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे. हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखविले. 1966 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इंजेक्शनाने तो हार्मोन अगदी कमी होतो आणि रोग दबतो. पण अंगातून वाफा निघतात, थकवा येतो, स्नायू झडतात, हाडे ठिसूळ होतात, मन उदास होते, कामेच्छा जाते.

यिर्मया चिखलाच्या खड्ड्यात रुतला होता. त्याच्यासाठी राजापुढे कोण उभा राहिला? एबद-मलेख कूशी, राजवाड्यातील एक षंढ. शब्द कानाला कठोर आहे, पण शास्त्र तो लपवीत नाही. या मनुष्याने दोर तर सोडलेच. शिवाय ते काखेत काचू नयेत म्हणून जुन्या चिंध्याही सोडल्या. वाचविणारा दोरही काचतो, हे त्याला ठाऊक होते. आणि देवाचा करार धरून राहणाऱ्या अशांनाच पुत्रकन्यांहून उत्तम नाव देण्याचे वचन यशयाच्या मुखाने मिळाले आहे. मग आपली किंमत शरीराच्या जोमावर कोणी ठरवावी?

प्रियांनो, उपचार हा दोर आहे. काचतो म्हणून तो सोडू नये. खाली चिंध्या घालाव्या. डॉक्टरांना विचारल्यावाचून इंजेक्शन थांबवू नये. त्रास मात्र एकूण एक सांगावा, लाजेचाही. वाफांवर औषधे आहेत. हाडांची तपासणी होते. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व किती घ्यावे ते डॉक्टर सांगतात. रोज चालणे व झेपेल तेवढी वजने उचलणे यांनी थकवा हटतो, स्नायू टिकतात. साखर व रक्तदाब तपासीत राहावे. आणि पत्नीपासून लपवू नये. हातात हात घेऊन बसणे हेही लग्नाचेच प्रेम आहे.

मंडळीनेही चिंधी व्हावे. घामेजलेल्या भावाला पंख्याखाली जागा द्यावी, थट्टा करू नये. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलग्यांना एबद-मलेखाची गोष्ट सांगावी, म्हणजे मर्दपणा कशात असतो ते त्यांना लहानपणीच कळेल.

काकांनी त्या रात्री काकूंना सर्व सांगितले. पुढचे इंजेक्शन त्यांनी चुकविले नाही. आता रविवारी काकूंच्या पिशवीत पवित्र शास्त्राशेजारी एक कोरडा सदरा घडी करून ठेवलेला असतो.

हे प्रभू, काचणारा दोर धरून ठेवण्यास आम्हांला बळ दे, आणि दुसऱ्याच्या काखेखाली चिंधी सारण्याची कृपा दे. आमेन.