खुराड्यातला जीव आणि माळकऱ्याची अहिंसा



गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकत नाही, हरिपाठ चुकत नाही. आणि परसात कोंबड्यांचे खुराडे आहे. कोणाच्या सुनेने बचत गटाचे चार पैसे घेऊन कोंबड्या आणल्या, कोणाच्या घरी त्या आजेसासूच्या काळापासून आहेत. माळकरी स्वतः अंड्याला शिवत नाही. पण सकाळी दाणे टाकणे आणि दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात कोंडणे ही कामे बहुधा घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडेच असतात. मग पावसाळ्याच्या तोंडी, हवा दमट झाली की, खुराड्यात पिसवा होतात. कीर्तन संपल्यावर अशीच एखादी माउली मागे थांबते आणि हळूच विचारते, "बुवा, त्या मारल्या तर पाप लागते का हो?"

वाचकहो, या प्रश्नाला हसू नका. लाख जिवांच्या दयेवर आपण तास तास बोलतो. पण त्या बोलण्याचा कस लागतो तो अशाच ठिकाणी, परसातल्या चार फळ्यांच्या खुराड्याशी.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे गावात मिळतात. एक म्हणतो, "किडाच तो, त्याचा कसला विचार? औषध मारा आणि मोकळे व्हा." दुसरा म्हणतो, "वारकऱ्याने किडामुंगीला हात लावू नये. सगळे पांडुरंगाचे आहे, तोच बघेल." पहिले उत्तर निष्काळजी आहे, हे कोणालाही कळते. दुसरे उत्तर मात्र भक्तीचे कपडे घालून येते, म्हणून त्याला ओळखणे कठीण जाते.

आधी त्या जिवाची ओळख करून घेऊ. आपण त्याला पिसू म्हणतो, पण पिसवेला सहा पाय असतात आणि या किड्याला आठ. तो कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला. पशुवैद्य त्याला लाल माइट म्हणतात. मोठ्यात मोठा झाला तरी मिलिमीटरभर. उपाशी असतो तेव्हा राखाडी दिसतो, रक्त प्यायला की लाल. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाही. फळीच्या भेगेत, दांडीच्या टोकाशी, खिळ्याच्या आड दडून बसतो. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की बाहेर येतो, रक्त पितो आणि परत भेगेत शिरतो. उबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात अंड्यातून निघून पुन्हा अंडी घालण्याजोगा होतो. कोंबड्या काढून खुराडे रिकामे ठेवले तरी कित्येक महिने उपाशी तग धरतो.

कोंबडीचे काय होते ते पाहा. तिचा तुरा फिका पडतो. अंडी कमी होतात. संध्याकाळी ती खुराड्यात जायला तयार होत नाही, दारातून मागे फिरते. सगळ्यात वाईट दशा खुडूक कोंबडीची. ती अंड्यांवर बसलेली असते, उठायला तयार नसते. रोज रात्री तिचे रक्त जात राहते आणि कधी कधी ती अंड्यांवर बसल्या जागीच मरते.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या परंपरेत अहिंसेवर सर्वांत बारकाईने बोलले ते ज्ञानोबाराय. शके 1212 मध्ये नेवाशाला सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेचा विचार येतो. तिथे प्रथम ते खोट्या अहिंसेची झडती घेतात. पाऊस पडावा, लोक जगावेत म्हणून यज्ञात पशू मारायचे. एका जिवाच्या औषधासाठी दुसऱ्या जिवाचा घात करायचा. आणि हिलाच अहिंसा म्हणायचे, हे त्यांना मुळीच मान्य नाही. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालावे, देऊळ मोडून देवाभोवती आवार बांधावे, तसे ते आहे, असे ते म्हणतात.

इथे कोणी म्हणेल, "मग झाले! कोंबडीच्या जिवासाठी किड्याचा जीव घेणे म्हणजे तेच नव्हे का?" पूर्वपक्ष बळकट आहे, त्याला डावलून पुढे जाता येणार नाही. पण त्याच प्रकरणात थोडे पुढे वाचा. हिंसा होईल या भयाने कोणी धान्यही शिजवीत नाहीत. त्या उपासात प्राणांचे जे हाल होतात तीच हिंसा, असेही ज्ञानोबाराय बजावतात. म्हणजे मारून तिला अहिंसा म्हणणाऱ्याला त्यांनी सोडले नाही, तसे हात न लावता जिवाचे हाल होऊ देणाऱ्यालाही सोडले नाही. दोघांचा दोष एकच: केले एक आणि नाव दिले दुसरे.

आणखी एक क्रम ध्यानात घ्या. गीतेतल्या त्या यादीत अहिंसा पहिली येत नाही. आधी अमानित्व, मग अदंभित्व, आणि नंतर अहिंसा. मान आणि दंभ सुटल्याशिवाय अहिंसा कळत नाही. "मी किड्यालासुद्धा हात लावत नाही" असे म्हणणाऱ्याने स्वतःला विचारावे की यात दया किती आणि आपले हात स्वच्छ दिसावेत ही इच्छा किती. त्याचे हात स्वच्छ राहतात, पण त्याची किंमत रात्रभर दांडीवर बसलेली कोंबडी देत असते.

माझ्या मते या प्रश्नाची गाठ खुराड्याच्या दारात आहे. रानातला पक्षी एका फांदीवर त्रास झाला तर दुसऱ्या फांदीवर जातो. आपल्या कोंबडीला ती सोय नाही. मुंगूस येईल, बोका येईल म्हणून संध्याकाळी आपण दार लावतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या क्षणी कडी घातली, त्या क्षणी आत जे काही होईल त्याचा भार आपल्यावर आला. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती हलत नाही, आणि तिला पळून जाण्याची वाट आपणच बंद केली. ज्याने कडी घातली त्याला "पांडुरंग बघेल" असे म्हणण्याचा अधिकार नाही. पांडुरंगाने बघायचे काम त्याच्याकडेच दिलेले आहे.

संतांच्या चरित्रात याला आधार आहे. जनाबाईंच्या अभंगात प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या केसांची गाठ सोडतो आणि तिच्या डोक्यातल्या उवा मारतो. दळण-कांडण करून दमलेल्या दासीचे डोके खाजते, तर जगाचा स्वामी तत्त्वज्ञान सांगत बसत नाही. जवळ बसतो आणि तिचा त्रास दूर करतो. अरणचे सावता महाराज मळ्यात देव पाहत होते, आणि तण न काढता कोणाचा मळा पिकत नाही.

मग मारावे का? माउलींनो, माझे उत्तर असे: आधी मारण्याची वेळ येऊ देऊ नये, आली तर कोंबडीला त्रासात ठेवू नये, आणि मारल्यावर त्याला पुण्य म्हणू नये.

वेळ येऊ न देणे ही खरी अहिंसा, आणि तिला कष्ट पडतात. दर आठ दिवसांनी खुराड्यातले जुने गवत, विष्ठा, पिसे काढून टाकावीत. भेगा बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा. दांडी भिंतीला टेकवू नये. तिचे पाय तेलाच्या वाटीत ठेवावेत, मुंग्या लागू नयेत म्हणून फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो तसे. कोरडी माती आणि चुलीची थंड राख एका खड्ड्यात घालून ठेवावी. कोंबडी त्यात लोळते, हेच तिचे स्नान. रात्री बत्ती घेऊन दांडी पाहावी, पांढरे फडके टोकाशी फिरवावे. लाल डाग दिसला की समजावे, आपला आळस अंगाशी येऊ लागला.

एवढे करूनही प्रादुर्भाव झालाच, तर कोंबड्या बाहेर काढून जुने गवत जाळावे, भेगांत उकळते पाणी ओतावे, खुराडे उन्हात तापवावे, आणि आठवड्याने हे सगळे पुन्हा करावे, कारण राहिलेली अंडी तोवर फुटतात. औषध लागलेच तर ते पशुवैद्याला विचारून, आणि त्यानंतर किती दिवस अंडी विकायची नाहीत हेही विचारून. पिकावर मारायचे शिल्लक औषध खुराड्यात मारू नये. 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत याच लाल किड्यासाठी फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदा वापरले गेले. त्याचा अंश अंड्यांत उतरला आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आपल्याकडे हेच औषध शेतासाठी सर्रास मिळते. किडा मारण्याच्या घाईत दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात विष जाते, ती हिंसा किड्याच्या हिंसेहून थोर आहे.

कोणी विचारील, "बुवा, किड्याचा एवढा विचार, आणि ती कोंबडी शेवटी सुरीखाली जाते त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. माळेचा नियम त्या बाबतीत स्पष्ट आहे. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याने कोंबडी खाटकाला विकून आपला व्यवहार वेगळा मानू नये. घरात दुसरे मालक असतील तर त्यांच्याशी बोलावे, पटेल तेवढे पटवावे. पण तो वाद मिटेपर्यंत आजची रात्र थांबत नाही. उद्या काय होणार म्हणून आज तिचे रक्त जाऊ द्यावे, हा न्याय नव्हे.

म्हणून उकळते पाणी ओतताना मनात राग नको आणि फुशारकीही नको. त्या किड्यालाही भूक देवानेच दिली, आणि रक्ताशिवाय त्याला दुसरे अन्न नाही. आपण त्याला शिक्षा करत नाही. आपल्या अंगावर घेतलेल्या जिवाची राखण करतो, आणि तिच्यात जो दोष आहे तो आपल्या नावावर मांडून घेतो. दोष मांडून घेणारा माणूस पुढच्या आठवड्यात केरसुणी घेऊन वेळेवर खुराड्यापाशी जातो. ज्याला दोष दिसतच नाही, त्याच्या खुराड्यात किडा पुन्हा होतो.

संध्याकाळचा हरिपाठ सोडू नका. तो झाला की बत्ती घ्या, खुराड्याचे दार हळूच उघडा आणि दांडीची टोके एकदा पाहून मग कडी घाला.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!