कलप आणि सत्य

परवा बसमध्ये एका कॉलेजकुमाराने उठून मला जागा दिली. वर "बसा आजोबा!" त्याच संध्याकाळी मी कलप घेऊन आलो.

"आधी कानामागे थेंबभर लावा, दोन दिवस थांबा. खाज सुटली तर फेकून द्या," हिने बजावले. खाज सुटली, पण मनाला. जन्मभर पोरांना 'खोटं बोलू नये' म्हणून दटावले, आणि आता डोक्यावरच खोटे मिरवायचे?

"अहो, डोक्याबाहेर आलेला केस मेलेलाच असतो. त्याला रंगवलं तर कुणाचं बिघडतं?" ही म्हणाली. युक्तिवाद बिनतोड! पण केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, आणि मुळाशी सत्य पुन्हा पांढरेशुभ्र उगवते. खोट्याला दर महिन्याला डागडुजी लागते. सत्य फुकट वाढते.

तरीही लावला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी उठले नाही. तासभर लोंबकळलो. गुडघ्यांना कलप लागत नाही, हे तेव्हा कळले. शेवटी एक जागा रिकामी झाली. शेजारी माझ्याच वयाचे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. मी ऐटीत म्हणालो, "बसा आजोबा!"

कलपाचे सोडा. खरे खोटे बोललो ते तिथे.