परक्या पूर्वजांचे ऋण

वनश्री पाहून मन प्रसन्न होते, हा अनुभव सर्वांचाच आहे. परंतु ही प्रसन्नता आपणांस कोण देतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सहलीस गेलेला मनुष्य निसर्गाला दाता समजतो, आणि निसर्ग हिशेब मागत नाही म्हणून निश्चिंत राहतो. आम्हांस हा हिशेब इतका सरळ वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कचेरीतील पाच मित्र नाहरगडच्या डोंगरांतून हाथनी कुंडापर्यंत पायी गेलो. जयपूर शहर पाठीमागे राहिले आणि धोक नावाच्या वृक्षाची झाडी लागली. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसास हा वृक्ष अपरिचित. अरवलीच्या खडकाळ उतारांवर, अल्प पावसावर तो सावकाश वाढतो. त्याची एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शेळ्यांनी वारंवार खुडला, कोयत्याने वारंवार छाटला, म्हणजे तो जमिनीसरसा पसरून झुडूप होऊन राहतो. तोच काही वर्षे निर्वेध राहिला, तर उंच वृक्ष होतो. खडक तोच, पाऊसही तोच. अंतर पडते ते माणसाच्या वागण्याने.

तेव्हा वनाचा दाता केवळ निसर्ग नव्हे. घरची चूल पेटावयाची असतानाही ज्या अनामिकाने कोयता आवरला, तोही दाताच. राजस्थानातील ओरण आणि कोकणातील देवराया यांचे मर्म हेच आहे. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी खेजडीच्या झाडांसाठी प्राण दिल्याचे परंपरा सांगते.

कोणी म्हणेल, देवाच्या भयाने पाळलेल्या संयमास नीती कसे म्हणावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु घरी गॅसची शेगडी असलेल्या आमच्यासारख्यांनी फांदी तोडली नाही, यात तरी कोणते पुण्य? ज्याची गरजच नाही ते सोडणे म्हणजे त्याग नव्हे. भिऊन का होईना, गरज असता ज्याने हात आखडला, त्याच्याच संयमावर आजचे वन उभे आहे.

देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे सर्वांस ठाऊक आहेत. महाभारतात यांच्या जोडीला मनुष्यऋणही सांगितले आहे. बदलीवरच्या माणसास ते विशेष लागू पडते. कारण परमुलखात तो ज्या सावलीत बसतो, ती त्याच्या पूर्वजांनी राखलेली नसते. ‘आम्ही आज येथे, उद्या कोठे’ असे म्हणून तो या ऋणातून सुटू पाहतो. परंतु धोकाचे रोप राखणाऱ्यालाही त्याची सावली मिळेलच, अशी खात्री कोठे होती?

हे ऋण ज्याचे त्याला फेडता येत नाही. ते मागून येणाऱ्यास द्यावयाचे असते. आपल्यापैकी पुष्कळांच्या मेजावर अशा गावांचे, पाण्याचे, जमिनीचे कागद येतात, जेथे आपण पुन्हा कधी जाणार नाही. आपली मुले तेथेच राहावयाची आहेत असे समजून त्या कागदांवर शेरा लिहावा. बदलीवरच्या माणसाचे वृक्षारोपण ते हेच.