अळीजवळ आहे, केळीजवळ नाही

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात हातगाडीवर मिळणारं केळ आणि रावेरच्या बागेत पिकलेलं केळ, दोन्ही आनुवंशिक दृष्टीने जवळपास एकाच झाडाची फळं असतात. तापीच्या पट्ट्यात ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडची 'जी-नाइन', बीपासून होत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे बी धरतच नाही. कंदातून किंवा ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेतून तेच ते रोप पुन्हा निघतं. याच पट्ट्यात कापूस आहे, आणि कापसात शेंदरी बोंडअळी. निसर्गनिवड समजून घ्यायला डार्विनच्या गॅलापागोसला जायला नको. कपाशीचं एक बोंड फोडलं तरी पुरे.

'अळीला औषधाची सवय झाली' हे वाक्य इकडे सर्रास ऐकू येतं. ते चुकीचं आहे, आणि ही चूक महागात पडते. कुठल्याही अळीला सवय झालेली नाही. जिवाणूच्या जनुकामुळे स्वतःच अळीमारक विष तयार करणाऱ्या बीटी कपाशीचं बोंड खाल्लेली साधी अळी मेली, काही शिकायला ती उरलीच नाही. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी होती, की तिच्या आतड्यात ते विष चिकटत नव्हतं. बीटी येण्यापूर्वी या गुणाला काही किंमत नव्हती. २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाली, शिवारं एकाच पिकाने भरली, आणि ती एरवी नगण्य असलेली अळीच पुढच्या पिढीची आई ठरू लागली. गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी बोंडअळी २०१० मध्ये जाहीर झाली. तोवर, २००६ पासून, दोन जनुकांचं बियाणं बाजारात आलेलं होतं. तेही टिकलं नाही, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातली बोंडंच्या बोंडं किडकी निघाली.

हे होणार, याची कल्पना शास्त्रज्ञांना आधीपासून होती. म्हणून तर बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं छोटं पाकीट दिलं जाई: शेताच्या कडेने लावा, वीस टक्के क्षेत्र किंवा पाच ओळी. त्यामागचा हिशेब सुरेख होता. प्रतिकाराचा गुण बहुतांशी अप्रभावी असतो, म्हणजे तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावा लागतो. कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेले भरपूर साधे पतंग शेतातल्या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुगले, तर त्यांची पिल्लं बीटीला बळी पडतात. अळी जगू द्यायची, ती यासाठी. पण आपल्या पैशाने आपल्याच शेतात कीड पोसायची, आणि फायदा साऱ्या गावाला, हे कोण करणार? ते पाकीट बहुतेकांनी लावलंच नाही. याबद्दल एकट्या शेतकऱ्याला बोल लावणं मला पटत नाही. ज्या नियमाने पाळणाऱ्याचं नुकसान आणि मोडणाऱ्याचा फायदा होतो, तो कागदावरच राहणार.

हिरव्या बोंडअळीला मात्र असं आश्रयपीक आपोआप मिळालं होतं. ती तूर खाते, हरभरा खाते. साधे पतंग तिथे तयार होतच राहिले. शेंदरी अळीला कपाशीवाचून जवळपास दुसरं अन्न नाही. त्यात आपली फरदड घेण्याची रीत: वेचणी संपली तरी पाणी देऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं ठेवायचं. म्हणजे निवडीचा फास जवळपास वर्षभर आवळलेला, आणि अळीच्या पिढ्यांवर पिढ्या त्यातून गाळून निघालेल्या. अमेरिकेत बीटी कपाशीला आधी आश्रयक्षेत्राची आणि नंतर नपुंसक केलेले पतंग सोडण्याची जोड देऊन तिथल्या कपाशीतून ही कीड हद्दपार झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. अळीची जात एकच, विषही त्याच कुळातलं. निवडीची परिस्थिती तेवढी वेगळी होती.

आता केळीकडे पाहावं. 'जी-नाइन आपल्या हवामानाला मानवली' असं म्हणतात, तेव्हा मानवून घेतलेलं असतं शेतकऱ्याने: ठिबक त्याची, खतं त्याची, उन्हाच्या झळा अडवणारं शेवरीचं कुंपण त्याचं. झाड होतं तिथेच आहे. निवडीला फरक लागतो; जिथे सगळी रोपं सारखी, तिथे निवडायचं कशातून? मावा कीड काकडीवर्गीय पिकांतून 'हरण्या' रोगाचा विषाणू घेऊन येते, आणि बागेत तो सोसणारं वेगळं झाड सहसा निघत नाही. 'ग्रो मिशेल' ही निर्यातीची केळी विसाव्या शतकाच्या मध्यात पनामा मर रोगाने बसवली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, जी-नाइन ही तिच्याच गटातली. त्या रोगाच्या बुरशीचा कॅव्हेंडिशलाही मारणारा नवा प्रकार बिहारमध्ये येऊन पोचला आहे. बुरशीकडे फरक आहे, केळीकडे नाही.

फरक आहे तो ईशान्य भारताच्या रानात, बियांच्या केळीत. संकरासाठी पैदासकाराला शेवटी त्या रानकेळीकडेच जावं लागतं. पण तिच्यात गरापेक्षा बियाच जास्त. बऱ्हाणपूरचा व्यापारी तिच्या घडाला हातही लावणार नाही.